पॅचखालची नावं

औरंगाबाद
२२ नोव्हेंबर २०१५

आदरणीय दाजी,

सा. न. वि. वि.

हा मायना लिहिताना हात अडखळतो, खोटं कशाला बोलू. इंजिनिअरिंगची चार वर्षं एका खोलीत ज्याला राम्या म्हणून हाक मारली, ज्याच्या सबमिशनच्या फायली मी पुऱ्या करून दिल्या, त्याला बहीण दिल्यापासून तुम्ही-आम्ही करायचं. आईनं तंबीच दिलीय, जावयाला अरे-तुरे केलेलं तिच्या कानावर येता कामा नये. तुम्ही मात्र मला खुशाल अरे-तुरे करता. ती सूट मुलाकडच्यांना असते.

फोन केला असता, पण योगिनी फोन स्पीकरवर ठेवते आणि मग कामाचं बोलणं राहूनच जातं. म्हणून मेल.

दिवाळीत तुम्ही देवगाव रंगारीहून निघालात आणि बाबा पारावर जाऊन बसले. म्हणे, "आमचे जावई बंगळूरला कम्प्युटरच्या पार काळजात काम करतेत. लई मोठं काम हाय." कोणीतरी विचारलं, अन् पोरगा? तर म्हणे, "पोरगा हाय की चितेगावला. मशिनी दुरुस्त करतो." मी तिथंच उभा होतो. कॉलेजात पहिला नंबर माझा होता, तुमचा दुसरा. पारावर निकालपत्र कोण बघतो.

आता कामाचं. हा मजकूर मी पुढे पाठवणार आहे, म्हणून तुम्हाला माहीत असलेलंही सविस्तर लिहितो.

आमच्या तात्यासाहेबांच्या कारखान्यात आम्ही कंट्रोल रूमची कपाटं बनवतो. कपाटात संगणक एकच, पण त्यावर दोन व्हर्च्युअल मशिनी, म्हणजे नुसत्या सॉफ्टवेअरचे संगणक, चालतात: एक कारखान्यातल्या यंत्रांवर लक्ष ठेवते, दुसरी पडदा रंगवते. हा पडदा भयंकर हळू आहे. बटण दाबा, चहाचा घोट घ्या, मग चित्र हलतं. हाच पडदा व्हर्च्युअल मशीनशिवाय चालवला तर पळतो.

कारण मला सापडलंय असं वाटतं. कर्नल म्हणजे संगणकाचं काळीज, ते मेमरीच्या प्रत्येक पानाला, म्हणजे छोट्या तुकड्याला, एक प्रकार देतं. सध्या आमच्या सोसायटीत चाललंय तसंच समजा: पाणी घरातल्या ड्रममध्ये भरून ठेवायचं की दर तांब्याला हापशावर जायचं. काही पानं प्रोसेसरनं जवळच्या कॅशेत ठेवावीत. काही मुळीच ठेवू नयेत. आणि पडद्याच्या पानांवरचं लिखाण थोडं साठवून एकदम पाठवावं. आमच्या पडद्याच्या पानांना कर्नलनं 'साठवू नका' हाच प्रकार देऊन टाकलाय. एकेका ठिपक्यासाठी वेगळा हेलपाटा.

कर्नल सगळ्यांना खुलं आहे, दुरुस्ती, म्हणजे पॅच, कोणीही पाठवू शकतो, आणि त्या पॅचवर पाठवणाऱ्याचं नाव कायमचं राहतं. मला ही दुरुस्ती माझ्या नावानं तिथं घालायची आहे. दुसरं काही नको. तुमचं रोजचंच काम ते. कोणाला पाठवू, कसं पाठवू, तेवढं सांगा.

आपला,
हनुमान


बंगळूर
२५ नोव्हेंबर २०१५

प्रिय हनुमान,

बाबा पारावर काय बोलतात त्याची किंमत माझ्या पगारातून कापून घे. आणि फायलींचं म्हणशील, तर माझ्या डब्यातले धपाटे कोण खायचं?

तुझा मजकूर वाचला. घाई करू नकोस. पडदा हळू असायला शंभर कारणं असतात. ग्राफिक्स कार्ड कुठलं? व्हर्च्युअल मशिनी चालवणारा हायपरव्हायजर किती जुना? तात्यासाहेब सुटे भाग कुठून आणतात ते मला ठाऊक आहे. कॅशेच्या प्रकारांचा भाग कर्नलमधला सगळ्यात किचकट भाग आहे, त्याला इथं आमच्यातलेही हात लावत नाहीत. कर्नलवाल्यांच्या मेलिंग लिस्टवर अर्धवट काही पाठवलंस तर लोक सोलून काढतील, आणि तिथलं बोलणंही कायमचं राहतं.

तेव्हा आधी नीट मोजमाप कर. मला पाठव. मी बघतो.

योगिनीनं तुझी मेल माझ्या खांद्यावरून वाचली. म्हणाली, "दादा म्हणतोय म्हणजे असणारच." या घरात हे वाक्य मी रोज ऐकतो. मिक्सर बिघडला तरी दादा नुसत्या आवाजावरून बिघाड कसा ओळखतो ते ऐकतो. मी कर्नलच्या टीममध्ये आहे हे तिला सांगावं लागतं.

तुझा,
रामेश्वर


औरंगाबाद
६ डिसेंबर २०१५

आदरणीय दाजी,

मोजमाप केलं. सोबत जोडलंय.

ग्राफिक्स कार्डाचा दोष नाही. आमच्याकडे दोन संगणक आहेत. एक गेल्या वर्षी घेतलेला नवा, आणि एक जुना, जो तात्यासाहेबांनी भंगारात जाता जाता ठेवून घेतला. दोन्हीवर तेच होतं.

खरं कारण असं. पानांचे प्रकार ठरवायच्या दोन जागा आहेत. एक जुनी, एमटीआरआर, जिथं मेमरीचे मोठमोठे पट्टे आखतात. दुसरी नवी, पॅट, म्हणजे पानागणिक प्रकार देणारा तक्ता. कर्नल सुरू होताना आधी जुन्या जागेची चौकशी करतं, आणि ती सापडली तरच नव्याची. व्हर्च्युअल मशीनमध्ये हायपरव्हायजर जुनी जागा झाकून ठेवतो. मग कर्नल समजतं की जुनं नाही म्हणजे नवंही नसणार. तक्ता तिथंच असतो, कोणी उघडून बघत नाही. थोरला भाऊ घरी नाही म्हटल्यावर धाकट्याला हाकच मारायची नाही, असला हा कारभार.

दुरुस्ती लिहायला घेतलीय. दोघांची चौकशी वेगवेगळी करायची, एवढंच तत्त्व आहे, पण थोडं काम राहिलंय. पुरं झालं की तुम्हाला दाखवतो आणि मग लिस्टवर पाठवतो. तोवर हे तुमच्याजवळच असू द्या.

इकडं धरणात पाणी नाही. चितेगावला कारखान्यांचं पाणी कमी केलंय, त्यामुळं आठवड्यात जास्तीच्या सुट्ट्या मिळतात. पॅच लिहायला तेवढीच सवड.

आपला,
हनुमान


बंगळूर
२० डिसेंबर २०१५

प्रिय हनुमान,

आनंदाची बातमी. तुझं निदान बरोबर निघालं.

आमच्या एका मोठ्या गिऱ्हाइकाकडेही नेमकं हेच दुखणं होतं. मी साहेबांना कारण सांगितलं, ते म्हणाले ताबडतोब पॅच टाक. मी दोन दिवसांत लिहिला आणि काल लिस्टवर पाठवला. तू म्हणालास तेच, दोघांची चौकशी वेगळी केली. मेंटेनर खूश आहेत. हा भाग तेच सांभाळतात, आणि त्यांना खूश करणं सोपं नसतं.

तुला वाईट वाटेल हे मला कळतं. पण तुझं 'थोडं काम राहिलंय' कधी संपलं असतं? मी थांबलो असतो तर तिसऱ्याच कोणी पाठवला असता आणि आपल्या दोघांचीही नावं लागली नसती. तुझं नाव मी घातलंय. पॅचखाली नावांच्या ओळी असतात ना, त्यात 'कळवणारा' म्हणून तू आहेस. आता तुझ्याकडे चालवून बघ आणि बरोबर चालला तर लिस्टवर तसं लिहून दे, म्हणजे 'तपासणारा' म्हणूनही तुझं नाव लागेल. एकाच पॅचवर दोनदा नाव, पहिल्याच खेपेला. मला हे मिळायला वर्ष लागलं होतं.

योगिनी खूश आहे. म्हणाली, "म्हणजे शोधलं दादानंच." असो.

तुझा,
रामेश्वर


औरंगाबाद
२३ डिसेंबर २०१५

आदरणीय दाजी,

अभिनंदन. आपल्या पॅचचं वाचन केलं. सुटसुटीत आहे.

आमच्या नव्या संगणकावर चालवून बघितला. पडदा पळतो. लिस्टवर तसं कळवलं आहे, आपण सांगितल्याप्रमाणे 'तपासणारा' म्हणून माझं नाव घालावं.

बाबांना मी फोन करून सांगितलं की जावयांनी मोठं काम केलं. त्यांनी गावात पेढे वाटले.

आपला,
हनुमान


बंगळूर
१८ मार्च २०१६

हनुमान,

माझा पॅच काल काढून टाकला. लिस्टवर सगळ्यांसमोर.

नवं कर्नल बाहेर पडलं आणि तक्रारी सुरू झाल्या. जुन्या संगणकांवर, एकापेक्षा जास्त प्रोसेसर असले की पडद्यावर आडवे पट्टे येतात. एका माणसाच्या तर फायली खराब झाल्या. मी तक्ता फक्त पहिल्या प्रोसेसरला दिला होता, बाकीचे कोरेच राहिले. नव्या संगणकांवर हायपरव्हायजर स्वतःच सगळ्यांना तक्ता वाटतो, म्हणून इथं ते दिसलं नाही. जुन्यावर तो वाटत नाही. एकच पान एका प्रोसेसरला साठवायचं वाटतं, दुसऱ्याला नाही, आणि दोघं मिळून त्याची माती करतात. मेंटेनरनी लिहिलं, "हा पॅच जुन्या हार्डवेअरवर कोणी चालवूनच पाहिला नव्हता का?" साहेबांनी मला कर्नलच्या कामातून बाजूला केलंय. सध्या दुसऱ्यांच्या चाचण्यांचे अहवाल लिहितो.

हे सगळं मी जेवताना योगिनीला सांगत होतो. ती भाजी वाढता वाढता म्हणाली, "पट्टे? दादाच्या जुन्या मशीनवर पण पट्टे यायचे ना. डिसेंबरात फोनवर सांगत होता, सगळं झालंय, तेवढे पट्टे जात नाहीयेत." तिला कळलंच नाही ती काय बोलून गेली.

तुझं 'थोडं काम' म्हणजे हेच होतं. तुला माहीत होतं. माहीत असताना तू 'तपासलं' म्हणून नाव दिलंस.

नाही म्हण. तू नाही म्हणालास तर मी विश्वास ठेवीन.

रामेश्वर


औरंगाबाद
२० मार्च २०१६

राम्या,

व्हय, माहीत होतं.

आईला सांगायचं तर सांग, तुला अरे-तुरे केलं म्हणून. आज दाजी लिहायला हात उठत नाही.

तुझा पॅच वाचला तेव्हा पहिल्या पाच मिनिटांत दिसलं. मी ज्या खड्ड्यात पंधरवडाभर अडकलो होतो, त्याच्यावरून तू न बघता उडी मारली होतीस. मी मेल उघडली, लिहायला बसलो की बाबा रे, बाकीच्या प्रोसेसरांचं काय. आणि मग विचार केला, हे सांगितलं तर काय होईल? तू दोन ओळी वाढवशील, पॅच आणखी चांगला होईल, वर तुझंच नाव. माझं खाली, कळवणारा. गड्यानं सांगावा आणला, मालकानं काम केलं. मी ती मेल पुसली आणि दुसरी लिहिली.

मी खोटं लिहिलं नाही. नव्या संगणकावर चालतो असं लिहिलं, आणि चालत होता. जुन्याबद्दल मला कोणी विचारलं नाही.

तू काय काय घेतलंस ते तुला कळत तरी का रे? नोकरी घेतलीस, ठीक आहे, मुलाखतीला माझी बस चुकली, तुझी नाही चुकली. बाबांचा सगळा अभिमान घेतलास. आमच्या घरात मी काही नवीन शिकलो की आधी योगिनीला सांगायचो, ती मेंढरांच्या वाड्याशी बसून ऐकायची, आता ती तुझ्या घरी बसून तुझं ऐकते. आणि जी एक गोष्ट माझी स्वतःची होती, जी मी विश्वासानं तुझ्याकडे दिली आणि तुझ्याजवळच ठेव म्हणालो, ती दोन दिवसांत उचलून नेलीस. वर पत्र लिहितोस, आनंदाची बातमी.

मी जळतो. तुझ्यावर जळतो. लिहून दिलं, ठेव जपून.

माझा पॅच पुरा झालाय. प्रत्येक प्रोसेसर जागा होताना त्याला तोच तक्ता देतो, आणि सगळ्यांना मिळाल्याची खात्री झाल्यावरच पडद्याची पानं वाटतो. काल लिस्टवर पाठवला. आज सकाळी मेंटेनरचं उत्तर आलं. एकच ओळ आहे: "मागचा पॅच तपासला म्हणणारे हेच ना? मग यांच्या तपासण्यावर मी कसा विसंबू?"

घे. वाच आणि हस.

हनुमान


बंगळूर
३ एप्रिल २०१६

हनुमान,

हसलो नाही. पण वाईटही वाटलं नाही.

तुझं पत्र योगिनीला दाखवलं नाही. ती विचारते, दादाचा फोन का येत नाही. मी सांगितलं, तिकडं पाण्याची ओढाताण आहे.

मी तुझी गोष्ट उचलली. हे मी डिसेंबरातही जाणून होतो, म्हणून तर पत्र एवढं गोड लिहिलं होतं. पण का उचलली ते तुला ठाऊक नाही. साहेबांसाठी नाही आणि गिऱ्हाइकासाठीही नाही. तुझी मोजमापं वाचून झाली आणि मला कळलं की मी याच कर्नलात तीन वर्षं बसलोय, त्या फाइलवरून रोज जातोय, आणि मला हे दिसलं नाही. तुला चितेगावात भंगारातल्या संगणकावर दिसलं. कॉलेजात असंच व्हायचं. मी रात्ररात्र घोकायचो आणि तू आंघोळीहून येता येता उत्तर सांगायचास. वाटलं होतं, कंपनीत आलो, आता ते संपलं. नाही संपलं. एकदा तरी योगिनीनं म्हणावं की हे रामेश्वरनं केलं, म्हणून मी घाई केली. त्या घाईतच ती चूक झाली. तिनं तरीही म्हटलं, शोधलं दादानंच.

तेव्हा जळण्यात तू एकटा नाहीस.

तुझा पॅच लिस्टवर आलेला मी पाहिला. उघडला नाही आणि उघडणार नाही. मला बुडताना बघितलंस, आता मीही काठावर बसतो.

रामेश्वर


औरंगाबाद
१७ एप्रिल २०१६

दाजी,

मी विनवणी करायला लिहीत नाही, असं वाक्य तीनदा लिहून खोडलं. करायलाच लिहितोय.

मेंटेनरनी काल पुन्हा लिहिलं. ते म्हणतात, पॅच वाचताना ठीक वाटतो, पण हा भाग एकदा पोळलेला आहे. ज्याला यातलं कळतं अशा दुसऱ्या कोणी पुरता तपासून आपलं नाव खाली घातलं तरच घेऊ. लिस्टवर तिघांना विचारलं. एकानं उत्तरच दिलं नाही, दोघं म्हणाले हे आमच्या आवाक्यातलं नाही.

आवाक्यातलं कोणाच्या आहे ते तुम्हाला आणि मला ठाऊक आहे. त्या खड्ड्यात आत्तापर्यंत दोनच माणसं उतरली आहेत.

गावाकडची विहीर आटली. बाबांनी मेंढरं चुलत्यांबरोबर गोदाकाठी गंगथडीला पाठवली आणि आई-बाबा दोघं माझ्याकडे आले, इथं औरंगाबादच्या सातारा परिसरात. इथं चारी बाजूंना नव्या इमारती उठल्यात, नळ सगळ्यांच्या घरात आहेत आणि पाणी कोणाच्याच नाही. बाबा दिवसभर खाली बसून टँकरची राखण करतात. मला रोज विचारतात, "जावयाचं काम कसं काय चाललंय?" मी सांगतो, चांगलं चाललंय. तुमचं काम काढून घेतलं हे मी त्यांना सांगितलेलं नाही. सांगताना मला मजा येईल असं वाटलं होतं. तोंड उघडलं नाही.

तपासलात तर बरं होईल. न तपासलात तर मला बोलायला जागा नाही.

हनुमान


बंगळूर
८ मे २०१६

प्रिय हनुमान,

तुझा पॅच उघडला. खोटं सांगत नाही, खोट काढायलाच उघडला. एक तरी सापडावी, ती लिस्टवर सगळ्यांसमोर टाकावी, आणि तुला कळावं काय वाटतं ते, एवढ्यासाठी.

इथल्या जुन्या बाजारातून एक खटारा संगणक विकत आणला. योगिनीला सांगितलं, ऑफिसचा आहे. त्यावर तुझा पॅच चालवला. दोन प्रोसेसर देऊन बघितले, आठ देऊन बघितले. चालत्या मशीनमधून एक प्रोसेसर काढला आणि परत जोडला. मशीन झोपवली, उठवली. तक्ता लपवून ठेवला. तक्ता खोटा दिला. रविवारी दुपारी पडद्यावर एक पट्टा आला. मी खुर्चीतून उठलो, एवढा आनंद मला पॅच मंजूर झाला त्या दिवशीसुद्धा झाला नव्हता. संध्याकाळपर्यंत शोधलं. चूक माझ्या चाचणीतच होती, मी एका ठिकाणी तुझ्याऐवजी माझाच जुना पॅच लावला होता.

ती दुरुस्त केली. पट्टा गेला.

खोट नाही. असती तर मला सापडली असती, कारण माझ्याएवढ्या वाईट मनानं तो पॅच दुसरं कोणी वाचणार नाही.

काल लिस्टवर तसं कळवलं. कुठल्या कुठल्या चाचण्या केल्या ते सगळं लिहिलं आणि खाली माझं नाव घातलं. मेंटेनरनी लगेच उत्तर दिलं, ज्याचा पॅच काढला तोच हा घ्या म्हणतोय, मग घेतो.

एक गोष्ट तुझ्या लक्षात आली असेल. रिवाजाप्रमाणे तुझ्या पॅचमध्ये एक ओळ आहे, हा पॅच कोणाच्या कुठल्या पॅचमधली चूक दुरुस्त करतो त्याची. तिथं माझ्या पॅचचं नाव आहे. ती ओळ काढायला सांगावी असं मनात आलं होतं. मग सांगितलं नाही. ती काढली तर पुढं वाचणाऱ्याला पॅच कशासाठी आहे तेच कळणार नाही.

योगिनीला आता सगळं सांगितलंय. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तुझ्याशीही बोलणार नाही म्हणते, तेव्हा फोन करू नकोस, ती करील तेव्हा करील.

रामेश्वर


औरंगाबाद
२९ मे २०१६

आदरणीय दाजी,

पॅच आत गेला. काल दुपारी बघितलं.

माझं नाव वर आहे, लिहिणारा म्हणून. खोलीत एकटाच होतो, तरी मागं वळून बघितलं कोणी पाहतंय का. मग बाबांना हाक मारली. ते खालून टँकरची जागा सोडून वर आले, वैतागलेच होते. मी लॅपटॉप त्यांच्यासमोर धरला. म्हटलं, बाबा, हे कर्नल, आणि हे माझं नाव. जगात कुठंही उघडलं तरी हेच दिसणार.

त्यांना इंग्रजी अक्षरं येत नाहीत. तरी नावाकडे बराच वेळ बघितलं, बोट लावून बघितलं. मग म्हणाले, "अन् जावयाचं नाव कुठंय?"

दाजी, तुमचं नाव त्या पानावर दोन ठिकाणी आहे. एक, जिथं चूक कोणाच्या पॅचमधली ते लिहिलंय तिथं. दुसरं खाली, तपासणाऱ्याचं. माझं बोट आधी वरच्या ओळीकडे गेलं. गेलं म्हणजे पोहोचलंच होतं. बाबा वाट बघत होते. तोंडात वाक्यसुद्धा तयार होतं.

मी बोट खाली आणलं. म्हटलं, हितं. त्यांनी तपासलं, म्हणून आत घेतलं. नाहीतर माझं कोणी घेत नव्हतं.

बाबांनी मान हलवली. "जावयानं तपासलंय व्हय? मंग बराबर असंल." एवढं बोलून ते खाली गेले, टँकर आला होता. खालून त्यांचा आवाज वरपर्यंत येत होता. हंडे घेऊन उभ्या असलेल्या सगळ्यांना सांगत होते, आमच्या पोरानं केलंय, अन् आमच्या जावयानं तपासलंय, उगं नाय.

मला राग आला. अजूनही थोडा आहे. पण त्यांच्या बोलण्यात चुकीचं काय आहे ते मी काल दुपारपासून शोधतोय, आणि मला सापडलेलं नाही.

आपला,
हनुमान